वजन उतरलं, गालही बसले
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या टपालात एकच तक्रार निरनिराळ्या गावांहून आली आहे: वजन घटलं, रिपोर्ट सुधारले, पण चेहरा ओढल्यासारखा दिसतो. त्यातल्या सात पत्रांना त्वचाविकार आणि आहार या दोन्ही बाजूंनी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : वय ४६. टिर्झेपेटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन घेते. चार महिन्यांत ८४ किलोवरून ६९ वर आले. साखर आटोक्यात आली, गुडघेदुखी थांबली. पण गालफडं बसली, कानशिलं आत गेली. जो भेटतो तो “आजारी होतीस का?” विचारतो. भूकच लागत नाही. दिवसभरात एक भाकरी, थोडी भाजी आणि तीन कप चहा एवढंच जातं. इंजेक्शन बंद करू का? चेहरा आपोआप भरेल का? (नाशिक)

इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नका. सेमाग्लुटाइड (ओझेम्पिक, वेगोवी) हे तुमच्या टिर्झेपेटाइडसारखंच भूक कमी करणारं इंजेक्शन. त्याच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत आला. परत येणारी चरबी गालात यावी की पोटावर, हे ठरवणं आपल्या हातात नसतं.

तुमच्या पत्रातली काळजीची ओळ गालांची नाही, एका भाकरीची आहे. चार महिन्यांत १५ किलो म्हणजे आठवड्याला जवळपास ९०० ग्रॅम, आणि मूळ वजनाच्या १८ टक्के. औषधाने भूक कमी होणं अपेक्षितच आहे. पण जेवणच सुटलं असेल तर मात्रा तुम्हाला जास्त होते आहे. टिर्झेपेटाइड २.५ मिलिग्रॅमने सुरू करतात, चार आठवड्यांनी ५ करतात आणि पुढची प्रत्येक वाढ किमान चार आठवडे थांबून २.५ ने करतात. वाढवलीच पाहिजे असं मात्र कुठेही नाही. डॉक्टरांना नेमकं काय खाल्लं ते तीन दिवस लिहून दाखवा आणि आहे त्या मात्रेवर थांबता येईल का, की एक पायरी खाली यावं, हे विचारा. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी चालू असेल तर हे आजच विचारा. इतक्या कमी खाण्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते.

आता चेहऱ्याकडे. गालातली चरबी हा सलग थर नसतो. रोरिच आणि पेसा या अमेरिकी शल्यतज्ज्ञांनी २००७ मध्ये मृतदेहांच्या चेहऱ्यात निळा रंग सोडून दाखवलं, की ती वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असते. काही कप्पे कातडीलगत असतात, काही थेट हाडाला टेकून. गालाच्या मधला खोल कप्पा रिकामा झाला की डोळ्याखाली खाच पडते आणि नाकाशेजारची घडी गडद होते. कानशिलाचा कप्पा गेला की भुवईची बाहेरची कड खाली येते. कातडी मात्र पूर्वीच्याच मापाची राहते, आणि सैल भाग जबड्याच्या कडेला साठतो. उशी काढून घेतली, अभ्रा तोच राहिला.

याला ‘ओझेम्पिक फेस’ असं नाव पडलं आहे. ते दिशाभूल करणारं आहे. औषध चेहरा शोधून चरबी खात नाही. वजन घटवण्याच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा कडक उपाशी राहून एवढंच वजन उतरवलं तरी चेहरा असाच दिसतो. पंचविशीत कातडी बरीच आवळून येते. चाळिशीनंतर ती तेवढी आवळत नाही; तिला लवचीक ठेवणारं इलॅस्टिन मोठेपणी नव्याने फारसं तयार होत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, कोलॅजन, साधारण ३० टक्क्यांनी घटतं. तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात, म्हणून फरक ठळक दिसतो.

आपोआप किती भरेल? वजन एका जागी थांबल्यावर पुढच्या सहा महिन्यांत कातडी थोडी आवळते आणि जेवण सुधारलं की चेहऱ्याचा सुकलेपणा बराच जातो. कानशिलाचा खोलगटपणा मात्र सहसा राहतो. वजन थांबेपर्यंत गालात काहीही भरून घेऊ नका. उतरत्या वजनावर केलेलं माप चार महिन्यांत चुकतं.

प्रश्न : वजन ९४, पुढच्या महिन्यात वेगोवी सुरू करणार आहे. शाकाहारी आहे. चेहरा बसू नये म्हणून आधीपासून काय करता येईल? (सातारा)

हा प्रश्न सुरुवातीआधी विचारलात, हे चांगलं झालं. १५-२० किलो उतरणार असतील तर चेहऱ्यावर ते दिसणारच. ते पूर्ण टाळण्याचा उपाय नाही. पण वेग, प्रथिनं आणि ऊन या तीन गोष्टी हातात आहेत.

पहिले काही आठवडे वजन भराभर उतरतं, त्यात पाणी बरंच असतं. त्यानंतर आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. त्याहून जास्त जात असेल तर मात्रा वाढवायची घाई नको. फार वेगाने उतरण्यात पित्ताशयात खडे होण्याचा आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळण्याचाही धोका असतो.

प्रथिनांचा हिशेब लक्ष्य वजनावर करायचा: किलोमागे १.२ ग्रॅम. लक्ष्य ६५ किलो असेल तर दिवसाला ७८ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. ‘आमच्याकडे रोज वरण असतं’ म्हणून निश्चिंत राहू नका. वाटीभर पातळ वरणात २५-३० ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिनं जेमतेम ६ ग्रॅम. एका ज्वारीच्या भाकरीत ४. आठवड्याच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्लीत तर त्यातली प्रथिनं जवळजवळ सगळी दाण्याच्या कुटाची. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट.

७८ चा मेळ असा बसतो. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि १०० ग्रॅम दही, १५ ग्रॅम. दुपारी ४० ग्रॅम मटकीची उसळ, तिच्यातच २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, आणि एक भाकरी, २६ ग्रॅम. चार वाजता मोठा पेला दूध आणि मूठभर फुटाणे, १४ ग्रॅम. रात्री १०० ग्रॅम पनीर आणि एक भाकरी, २२ ग्रॅम. झाले ७७. ही वजनं कच्च्या धान्याची आहेत, शिजलेल्याची नव्हे. इथेच बहुतेकांची चूक होते. घरात कोणी सामिष खात असेल तर त्यांच्यासाठी: दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगडा किंवा सुरमई २० च्या आसपास.

इंजेक्शनवर असताना पोट लवकर भरतं. म्हणून ताटात आधी उसळ, पनीर किंवा दही संपवा, मग भाकरी, भात शेवटी. सूप, ताक, पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, नाहीतर तेवढ्यानेच पोट भरतं. मळमळीच्या दिवशी दुधात किंवा ताकात २५ ग्रॅम व्हे पावडर चालेल. त्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात.

व्यायामात चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं, दोन ते चार किलोचे डंबेल. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या; शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. यामुळे गालातली चरबी वाचत नाही, हे सरळ सांगतो. वाचतो तो स्नायू. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ज्यांच्या शरीराची घडण मोजली, त्यांच्या उतरलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर भागाचा होता. एकूण माणूस वाळलेला दिसतो तो बराचसा त्यामुळे.

उन्हासाठी एसपीएफ ३० किंवा ५०, पीए+++ असलेलं सनस्क्रीन. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून ५० चं संरक्षण मिळत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. रात्री ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीची क्रीम) ०.०२५ टक्के, इथे मात्र खरंच वाटाण्याएवढं, पहिला महिना दिवसाआड. गरोदर असाल किंवा व्हायचं ठरवत असाल तर ते नको, आणि वेगोवीही नको. इंजेक्शन गरोदरपणाच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं.

प्रश्न : वय २४. पोलीस भरतीसाठी धावून आणि जेवण कमी करून १४ किलो उतरवले. गाल पार बसलेत. मेडिकलवाल्याने ‘गाल भरायच्या’ गोळ्या दिल्यात, महिन्याचा कोर्स. घेऊ का? (लातूर)

घेऊ नका. सुरू केल्या असतील तर किती दिवस झाले ते सांगून डॉक्टरांना दाखवा. अशा सुट्या गोळ्यांच्या पुडीत बहुधा दोन औषधं असतात: भूक वाढवणारं सिप्रोहेप्टाडीन आणि डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड. स्टेरॉइडने गाल दहा-पंधरा दिवसांत वर येतात. तो चेहरा भरलेला नसून सुजलेला असतो. पुढे मुरमं, मांड्या-पोटावर जांभळे पट्टे, वाढलेली साखर आणि ठिसूळ हाडं अशी रांग लागते. काही आठवडे घेऊन एकदम बंद केल्या तर शरीराची स्वतःचं स्टेरॉइड (कॉर्टिसोल) बनवणारी ग्रंथी जागी झालेली नसते. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, कधी जिवावर बेतणं. म्हणून बंद करतानाही डॉक्टर लागतात. सिप्रोहेप्टाडीनने झोप येते, तीही सोळाशे मीटर धावायच्या सकाळी.

चोविसाव्या वर्षी तुमच्या गालांना औषधाची गरज नाही. धावणारा मुलगा पोटभर जेवत नाही, एवढंच झालं आहे. रोजच्या जेवणात ३००-४०० कॅलरी वाढवा: दोन केळी, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे. दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल. लघवी फार होत असेल, खोकला असेल किंवा जेवूनही वजन उतरतच असेल तर साखर, थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे करून घ्या.

प्रश्न : चेहऱ्याची योगासनं, तेलाचा मसाज, कोलॅजन पावडर. यातलं काय उपयोगी? (डोंबिवली)

चेहऱ्याच्या व्यायामावर अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे. वीस आठवडे, सुरुवातीला रोज अर्धा तास. गाल किंचित भरलेले दिसले. पण २७ बायकांपैकी शेवटपर्यंत टिकल्या १६, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. करायचं तर करा, अपेक्षा बेताची ठेवा. मसाजने तासभर तकाकी येते, भर येत नाही. जोरात वर ओढून चोळल्याने सैल कातडीचं भलं होत नाही. कोलॅजन पावडर पोटात पचून तिचे तुकडे होतात. कातडीचा ओलावा आणि लवचीकपणा थोडा सुधारल्याचे अभ्यास आहेत, बरेचसे उत्पादकांच्या पैशाने झालेले. बसलेला गाल त्याने वर येत नाही. तेवढ्या पैशांत पनीर येतं.

प्रश्न : वय ५१, वजन आठ महिने ६२ वर स्थिर. एका क्लिनिकने एकाच बैठकीत ‘आठ सिरिंजचं पॅकेज’ सुचवलं. एवढं लागतं का? फिलर, चरबी भरणं, फेसलिफ्ट यातलं काय योग्य? (ठाणे)

वजन आठ महिने स्थिर आहे, म्हणजे आता विचार करायला हरकत नाही. आठ सिरिंज एकाच दिवशी मात्र नकोत. एक सिरिंज म्हणजे १ मिलिलिटर फिलर, कातडीखाली टोचून भर देणारा पदार्थ. मध्यम बसलेल्या चेहऱ्याला सुरुवातीला २ ते ४ पुरतात, त्याही दोन बैठकांत, मध्ये किमान चार आठवडे. सूज उतरल्याशिवाय खरं माप कळत नाही. पॅकेजचा आकडा तुमचा चेहरा बघून ठरलेला नसतो.

सगळ्यात जास्त वापर हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरचा. गालाच्या हाडावर खोल, थेंबाथेंबाने सोडतात. कानशिलात प्रत्येक बाजूला अर्धा ते एक मिलिलिटर. टिकतं ९ ते १८ महिने. त्याचा मोठा गुण म्हणजे चुकलं तर हायलुरोनिडेज टोचून विरघळवता येतं. डोळ्याखालची खाच थेट भरण्याचा मोह टाळा. तिथली कातडी पातळ. फिलर वर राहिला तर निळसर झाक दिसते आणि पाणी धरून पिशव्या येतात. आधी गाल भरला की ती खाच पुष्कळदा अर्धी होते.

पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड स्वतः भरत नाही, शरीराला कोलॅजन बनवायला लावतं. अमेरिकेत २००४ मध्ये त्याला पहिली परवानगी मिळाली ती एचआयव्ही रुग्णांच्या बसलेल्या गालांसाठी. त्यामुळे सगळा चेहरा पातळ झालेल्यांवर ते चालतं याचा अनुभव जुना आहे. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका, परिणाम दोन-तीन महिन्यांनी, टिकतो साधारण दोन वर्षं. घरी पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मसाज करायचा असतो. घट्ट द्रावण किंवा आळस, दोन्हींमुळे गाठी होतात. ओठ आणि डोळ्यांभोवती ते टोचत नाहीत. हे आणि कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट हा आणखी एक फिलर, दोन्हींना विरघळवणारं औषध नाही. पातळ सिलिकॉन किंवा ‘कायमचा फिलर’ कोणी सुचवला तर उठून या.

स्वतःची चरबी पोट किंवा मांडीतून काढून बारीक थेंबांत भरता येते. मोठी पोकळी असेल तर ती फिलरपेक्षा स्वस्तही पडू शकते. भरलेल्यापैकी निम्म्याच्या आसपास टिकते, कुणाची कमी, कुणाची जास्त. पोटातून आणलेली चरबी पोटाचे गुण घेऊन येते: पुढे वजन वाढलं की गाल फुगतात.

आणि जबड्याखाली चिमटीत धरता येईल एवढं कातडं लोंबत असेल, तर ते भरून उचलायचं नसतं. भरत गेलं की चेहरा फुग्यासारखा होतो आणि लोंबणं राहतंच. तिथे फेसलिफ्ट, म्हणजे जादा कातडं काढून ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया, हेच खरं उत्तर, आणि ते प्लास्टिक सर्जनचं काम. अजूनही आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या डोसची तारीख सांगा. पोट उशिरा रिकामं होतं, आणि भुलीत अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

कुठलाही फिलर रक्तवाहिनीत गेला तर वाहिनी बंद पडते. कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखे जांभळट डाग. दुखणं टोचण्याच्या मानाने खूप जास्त. भुवयांमधली जागा, नाक आणि कपाळ सगळ्यात धोक्याचे. क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं. हायलुरोनिडेजच्या शेकडो युनिटच्या मात्रा लगेच आणि पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून आधीच विचारा: हायलुरोनिडेजच्या १५०० युनिटच्या कुप्या इथे किती आहेत? रात्री फोन कोण उचलेल? टोचणाऱ्याची पदवी त्वचारोगाची की प्लास्टिक सर्जरीची, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? या प्रश्नांवर चिडणारं क्लिनिक तुमचं नव्हे. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर स्वतःच्या फाइलला चिकटवून घ्या. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी जोरात ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा. हायलुरोनिडेजलाही ती येऊ शकते. दात साफ करणं किंवा काढणं फिलरच्या दोन आठवडे आधी उरकून घ्या. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन काळं-निळं होईल म्हणून स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : मुलीचं लग्न सहा आठवड्यांवर आहे. बसलेल्या गालांसाठी ब्युटी पार्लरमध्ये धागे आणि सुयांची रेडिओफ्रीक्वेन्सी असा संच सांगितला. घेऊ? (कोल्हापूर)

नको, पार्लरमध्ये तर नकोच. हे धागे कातडीखाली घालून ती वर ओढतात, भर देत नाहीत. पातळ गालात ते बाहेरून दिसतात आणि हसताना खळ्या पडतात. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या सुया खोल आणि जास्त उष्णतेने चालवल्या तर उरलीसुरली चरबीही वितळते. भाजणं, व्रण आणि चरबी जाणं याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये इशारा दिला आहे. गव्हाळ-सावळ्या कातडीवर भाजल्याचा काळा डाग महिनोन् महिने जात नाही, म्हणजे लग्नाच्या अल्बमभर तोच. जबड्याच्या कडेचं बोटॉक्सही आता टाळा. चावण्याचा स्नायू बारीक झाला की बसलेला गाल आणखी बसतो.

सहा आठवड्यांत जमण्यासारखं: त्वचारोगतज्ज्ञांकडे हायलुरॉनिक फिलरच्या एक-दोन सिरिंज, तेही याच आठवड्यात, म्हणजे सूज आणि काळं-निळं उतरायला चार आठवडे हातात राहतील. हळदीच्या आदल्या आठवड्यात काहीही नवीन नाही, फेशियलसुद्धा.

प्रश्न : आई ६३ वर्षांची. डाएट वगैरे काही नाही, तरी पाच महिन्यांत ५४ वरून ४८ किलो झाली. गाल आत गेलेत. मिश्री लावते, खालच्या दाढा काढल्यात. ‘वय झालं’ म्हणतात सगळे. फिलरने बरं दिसेल का? (सांगली)

फिलरचा विचार बाजूला ठेवा आणि या आठवड्यात फिजिशियनकडे न्या. काही न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के वजन गेलं तरी तपासणी लागते. आईंचं ११ टक्के गेलं आहे. साखर, थायरॉइड, रक्ताची मोजणी, छातीचा एक्स-रे, थुंकी, एचआयव्ही, एवढ्याने सुरुवात होते. मिश्रीमुळे तोंडाची तपासणी तितकीच महत्त्वाची: हिरड्यांवर, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, उभी तीन बोटं मावतील एवढं तोंड उघडतं का. दुखत नाही म्हणून चट्टा सोडू नका. कर्करोगाचा चट्टा सुरुवातीला दुखत नाही.

सगळं ठीक निघालं तर पुढचं काम दंतवैद्याचं. दाढा काढल्या की त्यांना धरणारं जबड्याचं हाड झिजत जातं आणि गाल-ओठांचा आधार जातो. शिवाय चावता येत नाही म्हणून भाकरी सुटते आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस निघतो. नीट बसणाऱ्या कवळीने गालाला आतून टेकू मिळतो, आणि आई उसळही चावू शकतील. जुनी कवळी असेल आणि बोलताना हलत असेल तर ती तशीच वापरू देऊ नका. आतून नवा थर देऊन बसवून घेता येते.